32 खेळाडू, 64 पॅक आणि रिकाम्या हाताने गेलेले 24 जण

मॅजिक द गॅदरिंगच्या ब्लूमबरो सेटचं प्रिरिलीज, जुलै 2024 चा शेवटचा वीकेंड, न्यू जर्सीत एडिसनच्या आसपासचं एक दुकान. 32 जण खेळायला आले, बक्षिसाला 64 पॅक, म्हणजे नव्या कार्डांची बंद पाकिटं, ठेवले होते, आणि संध्याकाळी त्यातले 24 जण बक्षिसाचा एकही पॅक न घेता घरी गेले. त्या 24 मध्ये माझा 12 वर्षांचा भाचा होता, त्याचं हे पहिलंच प्रिरिलीज. जागा संपल्यामुळे मी स्वतः खेळले नाही, त्यामुळे सगळं बाजूला बसून नीट बघता आलं, आणि नंतर बराच विचार केल्यावर मला असं वाटतं की त्या दिवशी जे काही बिघडलं त्यातलं जवळपास सगळं एकाच निर्णयातून बिघडलं, तो म्हणजे बक्षिसं कशी वाटायची हा. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं आधी सांगते. मॅजिक हा 1993 पासूनचा पत्त्यांचा खेळ, रिचर्ड गारफिल्डने बनवलेला, विझार्ड्स ऑफ द कोस्ट छापते. वर्षात अनेक नवे सेट येतात आणि प्रत्येक सेट विक्रीला येण्याच्या आठवडाभर आधी दुकानांत प्रिरिलीज होतं. ब्लूमबरो 2 ऑगस्टला येणार होता, म्हणून 26 जुलैपासून प्रिरिलीज सुरू. तुम्ही फी भरता, हातात एक किट मिळतं, त्यात 6 बूस्टर पॅक, एक चमकतं प्रोमो कार्ड आणि आयुष्य मोजायचा 20 बाजूंचा फासा. 2024 च्या फेब्रुवारीपासून पॅक 14 कार्डांचे झालेत, म्हणजे 84 कार्डं. तिथेच फोडायची, त्यातूनच कमीत कमी 40 कार्डांचा डेक, म्हणजे खेळायचा गठ्ठा, बांधायचा आणि खेळायचं. घरून कोणी काही आणत नाही, त्यामुळे वीस वर्षं खेळणारा आणि काल शिकलेला दोघांच्याही हातात सारखंच अनोळखी सामान असतं. नवख्या माणसाला स्पर्धेत उतरायला यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही, आणि म्हणूनच तिथे नवख्याचा विरस झाला की मला जास्त लागतं.

नियमांच्या बाबतीत पण प्रिरिलीज सगळ्यात सैल पातळीवर चालतं, त्याला रेग्युलर म्हणतात. चूक झाली तर समजावून दुरुस्त करायची, शिक्षा करत बसायचं नाही, असा त्याचा एकंदर रोख. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता त्या दिवसाचं. फी 40 डॉलर. 12 वाजता सुरू म्हणून सांगितलं होतं, आम्ही पावणेबाराला पोचलो. काउंटरवर एकच मुलगा, तोच नोंदणी घेतोय, तोच स्लीव्ह (कार्डांवर चढवायची प्लास्टिकची पाकिटं) विकतोय, तोच कॉफी देतोय. किट हातात पडायला 1 वाजून गेला. साधारणपणे डेक बांधायला पाऊण तास तासभर देतात, इथे अर्धा तास दिला, कारण संध्याकाळी 6 ला त्याच टेबलांवर दुसरा कार्यक्रम होता. त्याच कारणाने 5 राउंडचे 4 केले. बेसिक लँडची कार्डं, म्हणजे बाकीच्या कार्डांची किंमत चुकवायला लागणारी, प्रत्येक रंगाची वेगळी, ती दुकान देतं, त्या डब्यात प्लेन्स (पांढऱ्या रंगाचे लँड) संपत आले होते, तर मुलं शेजारच्या टेबलावरून मागून आणत होती. हे सगळं मी धरून चाललेय, दुकानात गर्दी असली की होतं असं, शनिवारची दुपार आहे, माणूस एकच आहे, समजू शकते.

मग त्याने बक्षिसं वाचून दाखवली. पहिल्याला 16 पॅक, दुसऱ्याला 12, तिसऱ्या चौथ्याला 8-8, पाचवा ते आठवा 5-5. बास. हे वाचून झाल्यावर खोलीतला आवाज बदलला, म्हणजे मला तरी तसं जाणवलं. आधी लोक एकमेकांना पॅकमधलं काय निघालं ते दाखवत होते, हे बघ उंदीर, हे बघ बेडूक, त्यानंतर पूल, म्हणजे आपल्या पॅकमधून निघालेली कार्डं, झाकून मान खाली घालून डेक बांधायला लागले.

ब्लूमबरो हा लहान मुलाला हमखास आवडेल असा सेट, त्यात माणूस नाहीच, सगळे प्राणी, दहा जमाती, प्रत्येक जमात दोन रंगांची. उंदीर लाल-पांढरे, ससे हिरवे-पांढरे, बेडूक निळे-हिरवे, खारी काळ्या-हिरव्या असं. भाच्याच्या पूलमध्ये उंदीर भरपूर आले, त्यात हार्टफायर हीरो नावाचा एका लँडमध्ये येणारा छोटा उंदीर दोन वेळा, म्हणजे चांगलं नशीब. पण त्याला ससे पण सोडवेनात. त्याने उंदीर आणि ससे दोन्ही घेतले, तीन रंग, एकूण 44 कार्डं आणि त्यात 16 लँड. डेक स्वतःच बांधायचा होता त्याला, मी पाणी आणायला गेले आणि येईपर्यंत स्लीव्ह घालून मोकळा.

पहिला राउंड. समोर तिशीतला माणूस, सराईत, हात झपझप चालणारा. तीनपैकी दोन गेम जिंकणारा मॅच जिंकतो. पहिला गेम भाचा हरला, लँडच आले नाहीत. दुसऱ्या गेममध्ये मात्र त्याची बाजू चांगली होती. हार्टफायर हीरोला व्हॅलियंट ही क्षमता आहे, म्हणजे तुमच्याच एखाद्या कार्डाने किंवा क्षमतेने त्याला त्या टर्नमध्ये पहिल्यांदा टार्गेट केलं की त्याच्यावर एक +1/+1 काउंटर, म्हणजे ताकद आणि टिकाव एकेकाने वाढल्याची खूण, चढतो, आणि तो मेला तर जेवढी त्याची ताकद तेवढं डॅमेज समोरच्याला, म्हणजे तेवढं त्याचं लाइफ कमी. भाच्याने हल्ला केला, उंदरावर ताकद वाढवणारं कार्ड टाकलं, समोरचा म्हणाला ठीक आहे, आणि भाच्याने वहीत आकडा लिहायला पेन्सिल उचलली तेवढ्यात त्याला आठवलं, थांबा, काउंटर पण. समोरचा म्हणाला, नाही, ती वेळ गेली. मध्ये काहीही झालेलं नव्हतं. कोणी ब्लॉक बदलला नव्हता, कोणी दुसरं कार्ड टाकलं नव्हतं, जेमतेम दोन सेकंद गेले असतील.

भाच्याने माझ्याकडे बघितलं आणि मराठीत म्हणाला, "मावशी, तो म्हणतोय उशीर झाला." चालू मॅचमध्ये बाहेरच्याने सल्ला द्यायचा नसतो, पण बघणारा मॅच थांबवून जजला बोलवू शकतो, तेवढं मी केलं. जज म्हणजे कोण तर काउंटरवरचा तोच मुलगा. तो आला, ऐकलं, म्हणाला, विसरला ना, मग गेलं, आणि परत कॉफी करायला.

हा निर्णय चुकीचा होता. अशा आपोआप होणाऱ्या परिणामाला ट्रिगर म्हणतात, आणि रेग्युलर पातळीवर विसरलेल्या ट्रिगरचं सूत्र साधं आहे. त्या कार्डावर "हवं तर करा" असं लिहिलं असेल तर केलं नाही असं धरायचं. तसं लिहिलेलं नसेल, जसं इथे नाहीये, तर बघायचं की मधल्या वेळात तो ट्रिगर झालाच नाही असं धरून कोणी काही महत्त्वाचा निर्णय घेतलाय का, घेतला नसेल आणि फार गोंधळ होणार नसेल तर आत्ता करून टाकायचा आणि पुढे जायचं. समोरच्यावर आठवण करून द्यायचं बंधन नाही, हे खरं, पण खेळाडूला स्वतःहून लगेच आठवलं तर त्याला अडवायचं काहीच कारण नव्हतं. उंदीर त्याला अडवणाऱ्या ब्लॉकरपुढे मेला तेव्हा तो एक काउंटर नसल्यामुळे समोरच्याला एक डॅमेज कमी लागलं, आणि दोन टर्ननंतर तो माणूस बरोबर 1 लाइफवर जिंकला.

मी त्या माणसाला वाईट म्हणणार नाही. मॅच झाल्यावर तो स्वतःच भाच्याला म्हणाला की एरवी मी सोडून दिलं असतं रे, पण आज पहिल्या आठात यायचं तर दोन मॅच हरून चालत नाही. मला त्याचं हे वाक्य महत्त्वाचं वाटतं कारण तो खरं बोलत होता. स्विस म्हणजे हरलं तरी कोणी बाद होत नाही, साधारण सारखे गुण असलेले एकमेकांशी खेळतात. 4 राउंडच्या स्विसमध्ये 32 जण असतील आणि ड्रॉ झाले नाहीत तर शेवटी 2 जण 4-0 असतात, 8 जण 3-1, 12 जण 2-2, 8 जण 1-3 आणि 2 जण 0-4. बक्षिसं आठालाच, म्हणजे 4-0 वाले दोघं आणि 3-1 वाल्या आठातले सहा. दोन हरलात की संपलं, एक हरलात तरी खात्री नाही. असं गणित डोक्यावर असेल तर बारा वर्षांच्या पोराचा काउंटर सोडायचा की नाही याचा विचार माणूस वेगळ्या पद्धतीने करतो. सैल नियमांची स्पर्धा आणि टोकाची बक्षिसं ही जोडी जमत नाही, नियम कागदावर सैल राहतात आणि माणसं कडक होतात.

दुसऱ्या राउंडला समोर एक कॉलेजातली मुलगी. तिने भाच्याला 2-0 हरवलं, लवकर संपलं, आणि मग तिनेच विचारलं की तुझा डेक बघू का. टेबलावर सगळी कार्डं किमतीप्रमाणे ओळीत लावली, एक लँडवाली इकडे, दोनवाली इकडे, आणि त्याला दाखवलं की बघ तुझ्याकडे दोन लँडचे उंदीर किती आहेत आणि हिरव्यासाठी तू काय काय अडवून ठेवलंयस. ससे बाहेर काढले, 40 कार्डं, 17 लँड, 9 माउंटन (लाल रंगाचे लँड) 8 प्लेन्स. रेग्युलरला डेकलिस्ट नसेल तर दोन मॅचच्या मध्ये डेक असा बदलता येतो, हे खूप नवख्यांना माहीतच नसतं आणि दुकानाने सुरुवातीला एका वाक्यात सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. पंधरा मिनिटं ती बसली होती त्याच्याजवळ. कोणी सांगितलं नव्हतं, काही मिळणार नव्हतं. प्रिरिलीज म्हणजे माझ्या डोळ्यापुढे हेच असतं.

आता खरी गंमत गेली ती तिसऱ्या राउंडला. दोन राउंडनंतर 0-2 असलेले 8 जण होते, भाचा धरून. त्यातल्या तिघांनी नाव काढून घेतलं. साहजिक आहे, बक्षिसाची आशा संपली, शनिवार आहे, ऊन आहे, कशाला बसा. राहिले 29. आकडा विषम झाला की एकाला बाय मिळतो, म्हणजे समोर कोणी नाही, मॅच 2-0 जिंकल्याचे 3 गुण फुकट, आणि बाय नेहमी तळातल्याला जातो. तो भाच्याला आला. नवीन बांधलेला डेक हातात, खेळायची प्रचंड घाई, आणि त्याला 50 मिनिटं बसून राहायचं. मी म्हटलं चल माझ्याशी खेळ, पण माझ्याकडे त्या सेटची कार्डं नव्हती, एक साधा डेक होता त्याच्याशी खेळलो, दहा मिनिटांत त्याचं मन उडालं आणि तो दुसऱ्यांच्या टेबलामागे जाऊन उभा राहिला. स्पर्धेच्या अॅपवर त्याच्या नावापुढे विजय दिसत होता, तो बघून त्याने मला विचारलं की हा मोजायचा का. मी म्हटलं गुण मिळालेत तर मोजायचा, पण त्याचा चेहरा काही खुलला नाही, आणि मला वाटतं त्याचं बरोबर होतं, 40 डॉलर भरून आलेल्या मुलाला मॅच हवी होती.

चौथ्या राउंडला तो जिंकला. 2-1, शेवटचा गेम दोन्ही हार्टफायर हीरो टेबलावर असताना, आणि या वेळी प्रत्येक काउंटर त्याने आधी मोठ्याने बोलून मग चढवला. म्हणजे एकूण 2-2. तोपर्यंत टेबलं सरकवायला सुरुवात झाली होती. काउंटरवरच्या मुलाने आठ नावं वाचली, पॅक दिले, थँक यू म्हणाला, संपलं. 2-2 वाल्यांना एक शब्द नाही.

आणि नववी कोण होती माहितीये, ती कॉलेजातली मुलगी. 3-1. पहिला राउंड हरली, पुढचे तिन्ही जिंकली, आणि शून्य पॅक. गुण सारखे असले की टायब्रेकर लागतो, आणि पहिला टायब्रेकर म्हणजे तुमचे प्रतिस्पर्धी सरासरी किती टक्के मॅच जिंकले. कोणी कितीही हरलं तरी त्याचे 33 टक्क्यांच्या खाली धरत नाहीत. आता बघा, तिला हरवणारा पुढे दोन हरून 1-2 वर गेला आणि उठून निघून गेला. तिसऱ्या राउंडला ती ज्याला हरवून पुढे आली तो पण 1-2 वर निघून गेला. दोघांचे 33 टक्के तिथेच गोठले. ते दोघं थांबून शेवटची मॅच जिंकले असते तर 50-50 टक्के झाले असते आणि तिचा आकडा वर गेला असता. त्यांनी थांबायचं कारणच नव्हतं कारण 2-2 ला काही मिळतच नव्हतं. म्हणजे ज्या रचनेने लोकांना हाकललं त्याच रचनेने, लोक गेल्यामुळे, थांबलेल्या मुलीला नववं केलं. मला हे फार लागलं. त्या दिवशी खोलीत जी एकटी व्यक्ती प्रिरिलीज जसं व्हायला हवं तसं वागली तिला काहीच मिळालं नाही.

मग मी घरी येऊन हिशोब केला, तो इथे मुद्दाम देते कारण दुकानवाल्यांचं उत्तर नेहमी हेच असतं की पॅक कुठून आणायचे. 32 जण, 4 राउंड, म्हणजे प्रत्येक राउंडला 16 मॅच, एकूण 64 मॅच, आणि प्रत्येक मॅचला एक विजेता. बक्षिसाला पॅक किती होते, 64. एका विजयाला एक पॅक. 4-0 वाल्या दोघांचे 8, 3-1 वाल्या आठांचे 24, 2-2 वाल्या बारांचे 24, 1-3 वाल्या आठांचे 8. बेरीज 64. एक पॅक जास्त नाही, एक कमी नाही, दुकानाच्या खिशातून एक डॉलर वाढीव नाही. 32 पैकी 30 जण काहीतरी घेऊन घरी गेले असते. आणि मुख्य म्हणजे शेवटच्या राउंडपर्यंत प्रत्येकाला बसायला कारण राहतं, 0-3 वाल्याला पण, कारण समोरच्या मॅचमध्ये एक पॅक आहे. लोक बसले की विषम आकडा होत नाही, बाय येत नाही, टायब्रेकर कोणाच्या पोटावर येत नाही. पहिल्या राउंडच्या त्या माणसाचा पण एका मॅचमध्ये एकच पॅक अडकलेला असतो, त्याने सोडला असता काउंटर, तो स्वतःच म्हणाला तसं.

आमच्याकडे पुण्यात सोसायटीच्या गणपतीत स्पर्धा व्हायच्या तेव्हा कॅरमचा पहिला नंबर एकच असायचा, पण पोरं शेवटपर्यंत मांडवात थांबायची कारण प्रत्येकाच्या हातात काहीतरी पडायचं, आणि पोरं थांबायची म्हणून पुढच्या वर्षी नोंदणीला पण यायची.

दुकानाच्या मालकाशी मी नंतर बोलले, भांडायला नाही, खरंच कळून घ्यायला. तो सरळ माणूस आहे. त्याचं म्हणणं असं की मोठी बक्षिसं नसतील तर चांगले खेळाडू पलीकडच्या दुकानात जातात, आणि चांगले खेळाडूच वर्षभर पॅकचे बॉक्स घेतात, सिंगल्स (सुटी कार्डं) घेतात, शुक्रवारी येतात. दुकान त्यांच्यावर चालतं. मी हे उडवून लावणार नाही, जागेचं भाडं त्याला भरायचंय, मला नाही. पण हे त्याचं वर्षभराचं गणित आहे आणि ते शुक्रवारच्या स्पर्धांना लागू होतं, जिथे लोक आपापले बांधलेले डेक आणतात आणि जिंकायलाच येतात. प्रिरिलीजला लोक पॅक फोडायला येतात, नवीन कार्डं सगळ्यांच्या आधी हातात घ्यायला येतात. ते चांगले खेळाडू आठवडाभर आधी कार्डं मिळतात म्हणून तसेही येणारच, त्यांना 16 पॅकचं आमिष लागत नाही. उलट त्या एका वीकेंडला जी माणसं पहिल्यांदा दुकानाचं दार उघडतात तीच पुढे शुक्रवारी येणारी होणार असतात. मी त्याला ते 64 चं गणित मेलवर पाठवलं. त्याने विचार करतो म्हणून उत्तर दिलं, ट्रिगरच्या निर्णयाबद्दल मात्र माफी मागितली आणि पुढच्या वेळी काउंटर आणि जज वेगळी माणसं ठेवेन असं म्हणाला. वेगळी माणसं ठेवणं हे बक्षिसांची वाटणी बदलण्यापेक्षा महाग आहे, तरी ते आधी कबूल केलं, याचं मला नवल वाटलं.

एक गोष्ट अजून, टू-हेडेड जायंटची. दोघांची जोडी, दोघांचं मिळून 30 लाइफ, टर्न एकत्र. काही दुकानं प्रिरिलीजच्या रविवारी हे ठेवतात. लहान मूल आणि मोठं माणूस जोडीने बसू शकतं, बोलू शकतं, मूल ट्रिगर विसरलं तर जोडीदाराने आठवण करून देणं हाच खेळाचा भाग आहे. आमच्या भागात ते त्या वीकेंडला कुठे होतं हे मी शोधलं नव्हतं कारण भाच्याला एकट्यानेच खेळायचं होतं, पण तुमच्या घरी नऊ दहा वर्षांचं कोणी असेल तर आधी ते बघा.

सप्टेंबरमध्ये डस्कमोर्नचं प्रिरिलीज आलं तेव्हा मी आसपासच्या दुकानांना फोन केले. बक्षिसं कशी वाटता, राउंड किती, जज कोण असतो, आणि हरलेल्याला शेवटपर्यंत खेळता येतं का, एवढंच विचारलं. एका ठिकाणच्या बाईने पहिल्या प्रश्नाला लगेच उत्तर दिलं, एका विजयाला एक पॅक, आणि न विचारता सांगितलं की विषम आकडा झाला तर मी स्वतः बसते खेळायला, बाय कोणाला देत नाही. भाच्याचं नाव तिथे नोंदवलं, आणि या वेळी जागा होती म्हणून माझं पण.